निवळ, गाळ आणि मधल्या मधे नाहीसं झालेलं पीसीई : क्रश सँडच्या भुकटीवरच्या अधिशोषणाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

प्रश्न असा : एकच सिमेंट, एकच पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट ईथर, म्हणजे काँक्रीटला वाहतं ठेवणारं रसायन), एकच मात्रा, 'अ' खाणीच्या क्रश सँडबरोबर (दगड फोडून केलेली वाळू) काँक्रीट वाहतं, 'ब' खाणीच्या क्रश सँडबरोबर वीस मिनिटांत आवळतं. दोन्ही खाणी दख्खनच्या बेसाल्टमधल्याच. 'अ'चा दगड घट्ट, करडा-काळा. 'ब'मध्ये मधूनमधून पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला दगड येतो आणि दोन लाव्हा-थरांच्या मधला तांबडा थरही त्याबरोबर क्रशरमध्ये जातो.

संशय स्मेक्टाइट गटातल्या चिकण खनिजांवर आहे. पण संशयावरून मात्रा ठरवता येत नाही. क्रश सँडमधली ७५ मायक्रॉनखालची भुकटी दर ग्रॅमला किती मिलिग्रॅम पीसीई ओढून घेते, हा आकडा हवा.

पद्धत जुनीच : द्रवात माहीत असलेल्या मात्रेत विक्षेपक (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं रसायन, इथे पीसीई) घालायचं, घन पदार्थाशी हलवायचं, घन आणि द्रव वेगळे करायचे, निवळीत किती उरलं ते मोजायचं. जे उरलं नाही ते 'अधिशोषित' (घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं) म्हणायचं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. या पद्धतीत प्रत्यक्ष मोजलं जातं ते नाहीसं होणं. पृष्ठभागावर बसलेलं, थरांमध्ये शिरलेलं, नव्याने तयार होणाऱ्या हायड्रेटमध्ये (सिमेंट-पाण्याच्या विक्रियेतून बनणारे घन पदार्थ) गाडलं गेलेलं, फिल्टरला चिकटलेलं, हे सगळं एकाच आकड्यात मिसळून येतं. म्हणून पुढच्या बऱ्याच नोंदी त्यांना एकमेकांपासून सुटं करण्याबद्दल आहेत.

५ जून

साहित्य :
सिमेंट : ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड सिमेंट), सी३ए (ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट) सुमारे ७ टक्के, नायट्रोजन पद्धतीने पृष्ठफळ १.१ चौ.मी./ग्रॅ.
पीसीई : द्रवरूप, १०५ अंशांवर वाळवून घन भाग ४०.२ टक्के.
एसएनएफ (सल्फोनेटेड नॅफ्थलीन फॉर्मल्डिहाइड) : भुकटी, तुलनेसाठी.
क्वार्ट्झ भुकटी, ७५ मायक्रॉनखालची : जिथे अधिशोषण जवळजवळ शून्य यायला हवं असा साक्षीदार.
सोडियम बेंटोनाइट : जिथे ते भरपूर यायला हवं असा दुसरा साक्षीदार.

पीसीईच्या द्रवातलं पाणी हिशोबात धरायचं. १०० ग्रॅ सिमेंटला ०.२ टक्के घन भाग म्हणजे २०० मिग्रॅ, म्हणजे ०.४९८ ग्रॅ द्रव, त्यातलं ०.२९८ ग्रॅ पाणी एकूण ५० ग्रॅममधून वजा करून ४९.७० ग्रॅ पाणी घालायचं. या मात्रेला फरक किरकोळ वाटतो, ०.८ टक्क्याला तो दखल घेण्याइतका होतो.

१० जून

बाजारातलं पीसीई म्हणजे एकजिनसी पॉलिमर नव्हे. विक्रिया न झालेला मॅक्रोमोनोमर (लांब पॉलिइथिलीन ग्लायकॉल शेपटी, पण ऋणभारित कणा नाही), आखूड साखळ्या आणि उदासीनीकरणातून आलेले क्षार त्यात असतात. मॅक्रोमोनोमर सिमेंटवर बसत नाही, निवळीत तसाच राहतो. कार्बन मोजणाऱ्या यंत्राला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी डायालिसिस, म्हणजे लहान रेणू पटलातून बाहेर पाण्यात जाऊ देणं.

नळी : पुनर्निर्मित सेल्युलोजची, १२ ते १४ हजार डाल्टन (रेणूभाराचं एकक) ची मर्यादा. नळीवर ग्लिसरीन लावलेलं असतं. ते धुतलं नाही तर सगळ्या कार्बन-मोजण्या वर सरकतात. कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा अर्धा-अर्धा तास भिजवून, शेवटच्या पाण्याचा सेंद्रिय कार्बन १ मिग्रॅ/लि.खाली आल्यावरच नळी वापरली.

पीसीई १० टक्के घन भागापर्यंत सौम्य केलं. नळी दोन-तृतीयांशच भरली, कारण आत पाणी शिरून ती फुगते. काठोकाठ भरलेली नळी पहिल्याच रात्री गाठीजवळ फाटली. बाहेर ५ लि. पाणी, सकाळ-संध्याकाळ बदललं.

१४ जून

डायालिसिस संपलं. सुरुवातीच्या घन भागापैकी १४ टक्के बाहेर गेला. ही गाळणी आकाराप्रमाणे चालते, रसायन ओळखत नाही. त्यामुळे बाहेर गेलेल्यात क्षार, मॅक्रोमोनोमर आणि अगदी लहान पॉलिमर असे तिन्ही आहेत. पुढच्या चाचण्या प्रामुख्याने मूळ पीसीईवरच करायच्या, कारण काँक्रीटमध्ये जातं ते तेच. डायालिसिस केलेलं पीसीई फक्त पडताळणीपुरतं.

१८ जून

घन-द्रव वेगळे करणं. पहिला प्रयत्न बुखनर नरसाळं आणि निर्वात पंप : १५ मिनिटं लागली, गाळाला भेगा पडल्या, भेगांतून हवा शिरली आणि हवेतल्या कर्बवायूने निवळ पांढुरकी झाली. ही पद्धत सोडली.

सेंट्रिफ्यूज. १०० ग्रॅ सिमेंट आणि ५० ग्रॅ पाणी यांचा लगदा सुमारे ८२ मिलि भरतो. तो ५० मिलिच्या दोन नळ्यांत समान वजनाने वाटला. मिनिटाला ८,००० फेरे, त्रिज्या १० सेमी, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे ७,१५० पट. निवळ २० ते २५ मिलि मिळते, मोजणीला पुरून उरते.

किती वेळ फिरवायचं याचा हिशोब स्टोक्सच्या नियमाने केला. २.६५ घनतेचा ०.२ मायक्रॉनचा कण पाण्यात नुसत्या गुरुत्वाने सेकंदाला ०.०३६ मायक्रॉन खाली जातो. ७,१५० पटीला तो वेग सुमारे ०.२६ मिमी/से. होतो आणि ५ सेमी अंतर साधारण सव्वातीन मिनिटांत कापलं जातं. म्हणून ५ मिनिटं पुरेत. पहिल्या फेरीत '१० मिनिटं बरी' म्हणून चालवलं, तर नळीतलं तापमान २७ वरून ३३ अंशांवर गेलं. सिमेंटच्या बाबतीत हे चालणार नाही : तापमान वाढलं की हायड्रेशन वाढतं, नवा पृष्ठभाग तयार होतो आणि आकडा फुगतो. सेंट्रिफ्यूजला शीतकरण नसेल तर रोटर आधी वातानुकूलित खोलीत ठेवावा आणि ५ मिनिटांत थांबावं.

वेळ कुठून मोजायची? सिमेंटला पाणी लागलं त्या क्षणापासून. १० मिनिटं मिश्रण आणि ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, तर नोंद '१५ मिनिटं' अशीच करायची. फिरत असतानाही विक्रिया चालूच असते.

आणखी एक गोष्ट. वेगळी केलेली निवळ उघडी ठेवली तर दहा-पंधरा मिनिटांत तिच्यावर साय धरते. ते कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि त्याचे ताजे, बारीक स्फटिक स्वतःच पीसीई ओढतात. म्हणजे वेगळं केल्यानंतरही अधिशोषण चालू राहतं, फक्त चुकीच्या घन पदार्थावर. उपाय : १ मिलि निवळ लगेच ९ मिलि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायची. निवळीतला अल्कली त्या आम्लाला सहज खपतो, कार्बोनेट बनत नाही. पीसीईतले काही एस्टर बंध आम्लात हळूहळू तुटू शकतात, त्यामुळे मोजणी त्याच दिवशी.

२१ जून

फिल्टरची परीक्षा. कृत्रिम रंध्र-द्रावणात (सिमेंटच्या रंध्रांतल्या पाण्यासारखं बनवलेलं द्रावण, कृती ११ जुलैच्या नोंदीत) १,००० मिग्रॅ/लि. पीसीई घेऊन, कुठलाही घन पदार्थ न घालता, नुसतं सिरिंज फिल्टरमधून ढकललं.

नायलॉन ०.४५ मायक्रॉन : पहिला १ मिलि ११ टक्क्यांनी कमी, ५ मिलिनंतर २ टक्क्यांनी.
पीईएस (पॉलिइथरसल्फोन) ०.२ मायक्रॉन : पहिला १ मिलि ३ टक्क्यांनी कमी, ३ मिलिनंतर फरक मोजण्याच्या चुकीत बुडतो.
सेल्युलोज अॅसिटेट : पीसीई फारसं धरत नाही, पण शुद्ध पाणी ढकललं तरी पहिल्या मिलिमध्ये ९ मिग्रॅ/लि. कार्बन. हे बहुधा पटल ओलं राहावं म्हणून लावलेलं द्रव्य. १० मिलि टाकून दिल्यावर ०.४.

ठरलं : पीईएस ०.२, पहिले ५ मिलि टाकून द्यायचे. फिल्टरचा ब्लँक (नमुना नसताना येणारा आकडा) लावल्याशिवाय १ मिग्रॅ/ग्रॅ.च्या आतला कोणताही आकडा मी मानायला तयार नाही. जो नमुना खरंच काही ओढत नाही, त्याच्या नावावर फिल्टरने खाल्लेलं पॉलिमर जमा होतं.

२४ जून

सेंद्रिय कार्बन मोजणी. आम्ल घालून, हवेने फुंकून अजैविक कार्बन आधी घालवायचा, मग ज्वलन. पीसीईच्या घन भागात कार्बन ५१ टक्के आला (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा स्वतःचा ५४.५, क्षारांमुळे थोडा खाली). निवळ ५० पट सौम्य. कमी मात्रेच्या नमुन्यांना १० पटच.

सिमेंटचा ब्लँक : नुसतं सिमेंट आणि पाणी, पीसीई नाही. निवळीत ६२ मिग्रॅ/लि. कार्बन! हा दळताना घातलेल्या ग्राइंडिंग एडचा. ब्लँक वजा न केल्यास काय होतं, हे ०.०५ टक्के मात्रेवर दिसतं. खरा उरलेला पीसीई १८० मिग्रॅ/लि., म्हणजे ९२ मिग्रॅ/लि. कार्बन; यंत्र दाखवतं १५४. त्यावरून उरलेला पीसीई ३०२ निघतो आणि अधिशोषण ०.४१च्या जागी ०.३५ मिग्रॅ/ग्रॅ. सिमेंटची गोणी बदलली की ब्लँक पुन्हा घ्यायचा, कंपनी तीच असली तरी.

१ जुलै

सिमेंटवरचं पीसीई. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५, २७ अंश, १५ मिनिटं. घातलेली मात्रा (मिग्रॅ/ग्रॅ सिमेंट), निवळीत उरलेलं (मिग्रॅ/लि.), अधिशोषित (मिग्रॅ/ग्रॅ) :

०.५ – १८० – ०.४१
१.० – ४८० – ०.७६
१.५ – ९८० – १.०१
२.० – १,६४० – १.१८
३.० – ३,२६० – १.३७
४.० – ५,१४० – १.४३

लँगम्यूरच्या (एकसारख्या, ठरावीक जागांवर एकच थर बसतो असं मानणाऱ्या सूत्राच्या) सरळ रेषेत बिंदू छान बसतात, कमाल १.५७ मिग्रॅ/ग्रॅ. रेषा सुंदर आली म्हणून लँगम्यूरची गृहीतकं लागू होतात असं समजू नये. इथे पृष्ठभाग मिनिटागणिक वाढतो आहे आणि पॉलिमरचे रेणू एका मापाचे नाहीत. कमाल आकडा तुलनेपुरता वापरायचा.

चूक किती? ४ मिग्रॅ/ग्रॅ मात्रेवर ८,०००मधून ५,१४० वजा करतो. दोन्ही मोजण्यांत २ टक्के चूक धरली तर फरकात सुमारे १९० मिग्रॅ/लि., म्हणजे ०.०९५ मिग्रॅ/ग्रॅ, जवळपास ७ टक्के. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करताना वक्राचं वरचं टोक असंच डळमळतं. तिथे तीन-तीन नमुने घेतले.

पडताळणी : ०.५ मिग्रॅ/ग्रॅ मात्रेला मूळ पीसीईपैकी ८२ टक्के बसलं, डायालिसिस केलेल्यापैकी ९४. म्हणजे कमी मात्रेला निवळीत राहिलेला बराचसा भाग 'जागा नव्हती म्हणून' राहिलेला नव्हता. तो बसण्याच्या जातीचाच नव्हता.

५ जुलै

एसएनएफ, तुलनेसाठी. मोजणी अतिनील वर्णपटाने, २९० नॅनोमीटरच्या आसपासच्या शिखरावर; ५ ते ४० मिग्रॅ/लि.चं कॅलिब्रेशन, तेच आम्ल घालून सौम्य केलेल्या सिमेंटच्या ब्लँक निवळीत. प्रत्येक नमुन्याचं ४०० नॅनोमीटरवरही वाचन घ्यायचं : तिथे एसएनएफ जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ०.००५च्या वर काही आलं तर ते तरंगणारे कण असतात. तो नमुना पुन्हा फिरवायचा.

मात्रा ८ मिग्रॅ/ग्रॅ. मिश्रणाच्या पाण्यातूनच घातलं : ५.९ मिग्रॅ/ग्रॅ नाहीसं. पाणी घातल्यावर २ मिनिटांनी घातलं : ३.७. सिमेंट तेच, पॉलिमर तेच, वेगळं करण्याची रीतही तीच. सी३ए पाण्याला भेटताक्षणी जे ॲल्युमिनेट हायड्रेट तयार होतात, त्यांत सुरुवातीलाच हजर असलेलं एसएनएफ गाडलं जातं. २ मिनिटांनी आलेल्याला तो पहिला झपाटा चुकतो. हा २.२चा फरक 'अधिशोषण' म्हणून नोंदला तर सिमेंटचा पृष्ठभाग नसलेल्या क्षमतेचा ठरतो. गाडलं गेलेलं एसएनएफ कणांना दूर ठेवण्याचं काम करत नाही. ते वाया गेलेलं असतं.

११ जुलै

सल्फेटची स्पर्धा. पीसीई ०.२ टक्के, सोडियम सल्फेट सिमेंटच्या ०, ०.५ आणि १ टक्का. अधिशोषण १.१८, ०.९४, ०.७१ मिग्रॅ/ग्रॅ. मिनी-स्लम्प, म्हणजे शंकू उचलल्यावर पसरलेल्या लगद्याचा व्यास (वर १९, खाली ३८, उंची ५७ मिमीचा शंकू, पाणी-सिमेंट ०.४) : १८१, १४९, ११७ मिमी. धनभारित जागांसाठी सल्फेट आणि कार्बोक्सिलेट दोघेही रांगेत असतात. म्हणून भुकटीच्या चाचण्या साध्या पाण्यात करून चालणार नाही. द्रावण सिमेंटच्या रंध्रांतल्यासारखंच हवं.

कृत्रिम रंध्र-द्रावण, १ लि.ला : जिप्सम १.७२ ग्रॅ, सोडियम सल्फेट ६.९६, पोटॅशियम सल्फेट ४.७६, पोटॅशियम हायड्रॉक्साइड ७.१२. सामू १३ च्या आसपास. बंद बाटलीत रात्रभर ढवळून, गाळून वापरायचं; थोडा गाळ तळाशी राहिला तर तो चाचणीत जाता कामा नये.

१८ जुलै

भुकटी काढणं. दोन्ही खाणींचे ढीग चौथाई पद्धतीने कमी करत ५ किलोवर आणले. ७५ मायक्रॉनची चाळणी : 'ब' कोरडी चाळली तर ८.६ टक्के खाली, ओली चाळली तर १२.१. पावसाळ्यात चिकण कण मोठ्या दाण्यांना लेपासारखे चिकटून असतात, कोरड्या चाळणीला ते सुटत नाहीत. 'अ' ओल्या चाळणीने ९.४. आयएस ३८३ (वाळू-खडीचं भारतीय मानक, २०१६) क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालवतं. दोन्ही नमुने नियमात बसतात, आणि नेमका इथेच घोळ आहे : नियम किती भुकटी ते विचारतो, कसली ते या आकड्यात येत नाही.

मातीच्या हायड्रोमीटर चाचणीच्या सवयीने ओल्या चाळणीच्या पाण्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालायचा मोह होतो. घालू नये. तेही विक्षेपकच आहे. पीसीईच्या आधी जाऊन चिकणमातीच्या कडा अडवून बसतं. नुसतं पाणी वापरावं, वेळ लागला तरी. वाळवणं ६० अंशांवर.

२३ जुलै

५ ग्रॅ भुकटी, ५० मिलि रंध्र-द्रावण, १,००० मिग्रॅ/लि. पीसीई, ३० मिनिटं हलवून, शीतकरण असलेल्या दुसऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये २० मिनिटं, मग पीईएस फिल्टर. (बेंटोनाइट फक्त ०.५ ग्रॅ आणि पीसीई ४,००० मिग्रॅ/लि., नाहीतर काहीच उरत नाही.) स्टोक्सचा सव्वातीन मिनिटांचा हिशोब गोल कणांचा होता, चिकणमातीचे पापुद्रे बसायला जास्त वेळ घेतात.

क्वार्ट्झ : ९९४ उरलं, ०.०६ मिग्रॅ/ग्रॅ. मोजण्याची चूकच ०.२ आहे, तेव्हा हे शून्य.
'अ' : ८९० उरलं, १.१ मिग्रॅ/ग्रॅ.
'ब' : ३१० उरलं, ६.९ मिग्रॅ/ग्रॅ.
बेंटोनाइट : १,१५० उरलं, २८५ मिग्रॅ/ग्रॅ.

'ब' वेळेप्रमाणे : ५ मिनिटांत ६.१, ३०ला ६.९, ६०ला ७.०. ट्रक साइटवर पोचायच्या कितीतरी आधी बहुतेक सगळं संपलेलं असतं.

मिथिलीन ब्लू चाचणीही केली (चिकण खनिजं हा निळा रंग ओढतात, त्यावरून त्यांचा अंदाज येतो). ३० ग्रॅ भुकटी, १० ग्रॅ/लि. रंगद्रावण, गाळण कागदावरच्या डागाभोवती फिकट निळं कडं ५ मिनिटं टिकेपर्यंत. 'अ' १० मिलि, म्हणजे ३.३ ग्रॅ/किलो. 'ब' ४५ मिलि, म्हणजे १५ ग्रॅ/किलो. खाणीवर, बाकी काही यंत्र नसताना, हीच चाचणी करण्याजोगी आहे.

आता काँक्रीटमध्ये याचा अर्थ काय ते पाहू. घनमीटरला ७५० किलो क्रश सँड धरली तर 'ब'ची भुकटी ९१ किलो, ६.९ने गुणलं की सुमारे ६२५ ग्रॅम पीसीई. त्याच घनमीटरमध्ये ३६० किलो सिमेंटला ०.२ टक्क्याने आपण घालतो ७२० ग्रॅम. 'अ'च्या भुकटीची भूक ७८ ग्रॅम. प्रत्यक्ष मिश्रणात सिमेंटही त्याच पीसीईसाठी ओढाताण करत असतं, म्हणून ६२५ पूर्ण जाईल असं नाही, पण काँक्रीट का आवळतं हे या दोन आकड्यांच्या तफावतीत स्पष्ट आहे.

३० जुलै

६.९ मिग्रॅ/ग्रॅ पृष्ठभागावर बसलं की थरांत शिरलं? क्ष-किरण विवर्तनाने पाहिलं. २ मायक्रॉनखालचा अंश नळकांड्यात बसवून काढला : २७ अंशांना १० सेमी खोलीपर्यंत सुमारे साडेसहा तास थांबून वरचं द्रावण साइफनने घेतलं. काचपट्टीवर सपाट थर, ४० अंशांवर वाळवला.

पहिली तुलना चुकली होती. कच्च्या 'ब'चं थर-अंतर १.४८ नॅनोमीटर, पीसीईनंतर १.७६, 'वाढ ०.२८' असं लिहिलं होतं, ते खोडलं. रंध्र-द्रावण पोटॅशियमने भरलेलं आहे; स्मेक्टाइटमधलं कॅल्शियम जाऊन पोटॅशियम येतं आणि थर मिटतात. म्हणून तुलनेचा नमुना पीसीई नसलेल्या रंध्र-द्रावणात तितकाच वेळ हलवलेला हवा. त्याचं अंतर १.२६ (शिखर ७.०१ अंशांना). पीसीईनंतर १.७६ (५.०२ अंश). एसएनएफनंतर १.२७, म्हणजे बदल नाही.

खरी वाढ अर्धा नॅनोमीटर. पीसीईच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल शेपट्या थरांच्या फटीत शिरतात. ऋणभारित कणा स्मेक्टाइटच्या ऋणभारित पत्र्याकडे जायला उत्सुक नसतो; आत खेचल्या जातात त्या शेपट्याच. एसएनएफला तशी शेपटी नाही, तो कडांपुरता राहतो. सिमेंटवर पीसीईला श्रेष्ठ ठरवणारा अवयवच इथे त्याला अडकवतो.

६ ऑगस्ट

मिनी-स्लम्प : सिमेंट २०० ग्रॅ, भुकटी ५० ग्रॅ, पाणी ८० ग्रॅ, पीसीई सिमेंटच्या ०.२ टक्के. क्वार्ट्झ १७६ मिमी, 'अ' १५८, 'ब' ७४. 'ब'ला ०.३५ टक्के दिल्यावर १३१. मात्रा पाऊणपट वाढवूनही 'अ'ची बरोबरी नाही. शिवाय खाणीत दगड काढायची जागा बदलली की तीच मात्रा जास्त ठरून काँक्रीट फुटतं (खडी आणि लगदा वेगळे होतात), पाणी वर येतं. मात्रा वाढवणं हा उपाय म्हणून मला पटत नाही.

१३ ऑगस्ट

बळीचा बकरा : थरांची फट आधीच दुसऱ्या कशाने भरायची. कोलीन क्लोराइड, भुकटीच्या ग्रॅमला १० मिग्रॅ, पीसीईच्या आधी.

मोजणीत अडचण : कोलीनमध्येही कार्बन. पण त्यात नायट्रोजनही आहे, पीसीईत नाही. निवळीतला एकूण नायट्रोजन गुणिले ४.२९ म्हणजे कोलीनचा कार्बन. तो वजा करायचा. हे फक्त कृत्रिम द्रावणात चालतं. सिमेंट आलं की ग्राइंडिंग एडमधली अमाइन्स हिशोब बिघडवतात. (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा बळी दिला असता तर ही सोयही नव्हती, कार्बनवरून ते आणि पीसीई वेगळे ओळखू येत नाहीत.)

'ब'वरचं पीसीई ६.९ वरून २.६ मिग्रॅ/ग्रॅ. मिनी-स्लम्प १३९ मिमी. आकडे चांगले, तरीही हा मार्ग इथे बंद : घनमीटरला ९१ किलो भुकटीसाठी ९१० ग्रॅम कोलीन क्लोराइड, त्यात क्लोराइड २५ टक्के, म्हणजे सुमारे २३० ग्रॅम. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक, २०००) ची मर्यादा घनमीटरला पूर्वप्रतिबलित काँक्रीटला ४०० ग्रॅम, साध्या आरसीसीला ६००. सिमेंट, पाणी आणि खडीतलं क्लोराइड धरण्याआधीच पूर्वप्रतिबलितात निम्म्याहून जास्त आणि आरसीसीत एक-तृतीयांशाहून जास्त वाटा एका रसायनाने खायचा, हे मान्य होण्यासारखं नाही.

२२ ऑगस्ट

'ब' क्रश सँड वॉशिंग प्लँटमधून आणली. भुकटी १२.१ वरून ४.३ टक्के. उरलेल्या भुकटीवर पीसीई २.८ मिग्रॅ/ग्रॅ : धुताना चिकण कण आधी जातात, दगडाची भुकटी मागे राहते, त्यामुळे प्रमाणही घटलं आणि जातही सुधारली. घनमीटरचा हिशोब : ३२ किलो गुणिले २.८, सुमारे ९० ग्रॅम. 'अ'च्या ७८च्या जवळ.

भुकटी कमी झाल्याने मिश्रण खरखरीत होतं. पंपाने चढवायचं असेल तर फ्लाय अॅश वाढवून बारीक कण भरून काढावे लागतील. त्याआधी फ्लाय अॅशचा न जळलेला कार्बन तपासायचा, तोही रसायनं ओढतो.

२९ ऑगस्ट

प्लँटमध्ये धुतलेली 'ब' आणि प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याने धुतलेली 'ब' : दोन्हींची भुकटी ५० ग्रॅ, बाकी सगळं सारखं. मिनी-स्लम्प प्लँटची १३६, नळाची १४८ मिमी. १२ मिमीचा फरक तीनही वेळा आला.

प्लँटमध्ये पाणी पुन्हा वापरतात आणि गाळ लवकर बसावा म्हणून टाकीत पॉलिॲक्रिलअमाइड घालतात. जास्त पडलेलं फ्लॉक्युलंट पाण्याबरोबर परत येतं आणि दाण्यांवर बसतं. कणांना जवळ आणणारं रसायन कणांना दूर ठेवणाऱ्याच्या आधीच पोचलेलं असतं. परतीच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन ६ मिग्रॅ/लि., पण त्यावरून काय आहे ते कळत नाही. नायट्रोजनची युक्तीही इथे निरुपयोगी, कारण खाणीतल्या सुरुंगाच्या अमोनियम नायट्रेटचे अवशेष त्याच पाण्यात असतात.

म्हणून केओलिनची (पांढरी चिकणमाती) साधी चाचणी. १ लि.च्या नळकांड्यात ५ ग्रॅ केओलिन. एकात परतीचं पाणी, दुसऱ्यात तितक्याच विद्युतवाहकतेपर्यंत क्षार घातलेलं नळाचं पाणी (क्षारांमुळेही केओलिन बसतं, म्हणून ही बरोबरी आवश्यक). परतीच्या पाण्यात गाळाची रेषा २ मिनिटांत निम्म्यावर, दुसऱ्यात १० मिनिटांनीही वर गढूळ. फ्लॉक्युलंट उरतं आहे.

प्लँटला कळवलं : मात्रा घड्याळावर न ठेवता टाकीत येणाऱ्या गढूळपणाप्रमाणे कमी-जास्त करावी, आणि ओव्हरफ्लोवर रोज सकाळी हीच केओलिन चाचणी घ्यावी. निम्म्यावर यायला ८ मिनिटांपेक्षा कमी लागली तर त्या पाळीत मात्रा उतरवायची. पुढचा धुतलेला नमुना २ सप्टेंबरला येईल. त्यावर २३ जुलैची पूर्ण मालिका, क्वार्ट्झ आणि फिल्टरच्या ब्लँकसकट.